दुपारी डोंगर, मध्यरात्री दोतोनबोरी

गुरुवार

कान्साई विमानतळावर उतरलो तेव्हा दुपार कलली होती. समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर 1994 पासून हा विमानतळ आहे, त्यामुळे बाहेर पडणारी गाडी आधी लांबलचक पूल ओलांडते आणि मग जमीन लागते. ओसाकातल्या नांबाला जायला नानकाई रेल्वेच्या दोन गाड्या आहेत: निळीशार, लंबगोल खिडक्यांची रॅपिट आणि साधी एअरपोर्ट एक्सप्रेस. वेळेत फरक जेमतेम दहा मिनिटांचा, तिकिटात मात्र चांगलाच. साधी पकडली. शाळा सुटलेली पोरं, ऑफिसवाले आणि मधोमध आमच्या दोन बॅगा.

सोबत ताई. ती अंडं खाते, मासे-मटण नाही. मी सगळं खाते. निघायच्या आधी चिंचवडला जो भेटेल तो विचारायचा, "तिचं तिथे कसं व्हायचं?" प्रश्न रास्तच होता. जपानी जेवणात मांस ताटात दिसतं तरी. दाशी दिसत नाही. कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि वाळवून किसलेला बोनिटो मासा यांचं हे पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, भाजीच्या रश्शात, कुठेही असतं. ओसाकाची तर सगळी ख्याती याच दाशीवर. पूर्वी होक्काइदोहून जहाजं भरभरून कोंबू इथे यायचा, तेव्हापासून इथला रस्सा रंगाला फिका आणि चवीला खोल. रात्री स्टेशनजवळ उभ्याने खायच्या टपरीवर मी कित्सुने उदोन घेतलं: जाड शेवया, वर तळलेल्या तोफूचा गोडसर तुकडा. ताईने वास घेतला, मान हलवली आणि शेजारच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तासांच्या छोट्या दुकानातून, कोंबू भरलेली भाताची ओनिगिरी आणली. दोघी झोपलो नऊलाच, कारण सकाळी साडेदहाच्या आत आम्हाला कोयासान या डोंगरावरच्या बौद्ध देवस्थानाच्या स्मशानात पोचायचं होतं.

शुक्रवार

नांबाच्या ज्या फलाटांवरून विमानतळाची गाडी येते, त्यांच्याच पलीकडच्या फलाटांवरून कोया लाइन सुटते. खास गाडी ‘कोया’ थेट डोंगराच्या पायथ्याला नेते, आसन राखीव, जादा पैसे. साध्या एक्सप्रेसने गेलं तर बहुतेक वेळा हाशिमोतोला गाडी बदलावी लागते आणि एकूण वीसेक मिनिटं जास्त जातात. केबल कार धरून साधं भाडं चौदाशे येनच्या आसपास. आम्ही जाताना साधी घेतली आणि मला विचाराल तर तीच घ्यावी. सगळी गंमत हाशिमोतोनंतर आहे आणि ती छोट्या गाडीच्या पुढच्या काचेतून बघायची असते.

हाशिमोतोपर्यंत शहरच पाठ सोडत नाही. घरं, शाळा, पार्किंग, पुन्हा घरं. मग गाडी किनोकावा नदी ओलांडते आणि एकदम गाव सुरू होतं. ऑक्टोबरची अखेर होती, उतारांवरच्या बागा पर्सिमनने नारिंगी झालेल्या. झाडाला पानं कमी, फळंच जास्त. वाकायामा हा जपानातला पर्सिमनचा पहिल्या नंबरचा प्रांत. याच फळाच्या पानात गुंडाळलेली माशाची सुशी इथली खासियत. मी नांबाला एक डबा घेतला होता. गाडीत उघडला तर मासा नाही, आधी पानाचाच वास आला.

पुढे कुदोयामा स्टेशन लागतं. कोयासानचा संस्थापक कूकाई, म्हणजे कोबो दाइशी, याची आई इथे पायथ्याशी राहायची असं सांगतात, कारण डोंगरावर बायकांना मज्जाव होता. आईला भेटायला तो महिन्यातून नऊ वेळा खाली उतरायचा, अशी दंतकथा. तिथल्या जिसोन-इन देवळापासून वर मुख्य स्तूपापर्यंत जुनी पायवाट जाते, वाटेत 180 दगडी खांब. चालणारे आजही सहा-सात तास चालतात.

आम्ही मात्र बसून. हाशिमोतोपासून रूळ एकेरी, आणि इथून पुढे चढ असा की हजार मीटरला पन्नास मीटर गाडी वर जाते. रुळांमध्ये दातेरी पट्टी न लावता साध्या चाकांवर एवढा चढ चढणं सोपं काम नाही, म्हणून या मार्गाला वेगळे, आखूड डबे लागतात. वळणं इतकी जवळजवळ की मागच्या डब्यातून पुढचा डबा दिसतो आणि चाकं रुळावर घासून सतत किंचाळत राहतात. एकीकडे दरी, दुसरीकडे हाताला लागेल असा सुगी, म्हणजे जपानी देवदारांचा डोंगर. बोगद्यातून बाहेर पडलं की देवदार अजून दाट. ताई आधी फोटो काढत होती, मग तिने फोन ठेवून दिला.

गोकुराकुबाशी या स्टेशनला रूळ संपतात. 1929 साली गाडी इथवर आली आणि पुढच्याच वर्षी वरची केबल कार सुरू झाली. फलाटावरून उतरून थेट केबल कारमध्ये बसायचं. आठशे मीटर अंतर, तेवढ्यात 328 मीटर उंची, वेळ पाच मिनिटं. आत पायऱ्यापायऱ्यांवर बाकं. वर आल्यावर बस सक्तीची, कारण गावापर्यंतचा तो रस्ता फक्त बससाठी राखलेला आहे आणि त्यावर पायी चालता येत नाही. थंडी ओसाकापेक्षा चांगली सात-आठ अंशांनी जास्त. स्वेटर आणायला ताईनेच लावला होता, हे तिने पुन्हा ऐकवलं.

इचिनोहाशी पुलाशी उतरलो. इथून ओकुनोइनमधल्या कूकाईच्या समाधीपर्यंत दोन किलोमीटर वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त थडगी. आकडा वाचून डोळ्यांपुढे जे येतं तसं इथे काहीच नाही. शेकडो वर्षांचे देवदार, त्यांच्या मुळांनी तिरके केलेले दगड, दगडांवर बोटभर मॉस, आणि लाल कापडाची लाळेरी बांधलेल्या जिझो या बोधिसत्त्वाच्या छोट्या मूर्ती.

बहुतेक थडगी पाच दगडांची. खाली चौकोन, वर गोल, वर त्रिकोणी छप्पर, मग अर्धचंद्र, टोकाला मोत्यासारखा थेंब. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. प्रत्येक दगडावर एकेक अक्षर कोरलेलं. ही सिद्धम् लिपी, ब्राह्मीच्या घराण्यातली, म्हणजे आपल्या देवनागरीची लांबची बहीण. चीनच्या राजधानीत, चांगआनमध्ये, कूकाईने भारतीय भिक्षू प्रज्ञ याच्याकडे संस्कृतचे धडे घेतले आणि 806 साली परत येताना ही अक्षरं बरोबर आणली. खालून वर वाचायचं: अ, व, र, ह, ख. मी एका थडग्यापाशी वाकून ‘व’ शोधत बसले. अर्धा मॉसखाली गेलेला, तरी वळण ओळखू आलं. आसपासच्या जपानी आजीबाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. मी काहीतरी मोठं वाचते आहे असं त्यांना वाटलं असावं.

इथल्या शेजारपाजाराची मजाच आहे. ओदा नोबुनागा या युद्धखोर सत्ताधीशाने 1581 मध्ये कोयासानच्या शेकडो फिरत्या साधूंना मारलं आणि डोंगराला वेढा घातला. पुढच्याच वर्षी त्याला स्वतःच्या सरदाराने, आकेची मित्सुहिदेने, संपवलं. दोघांचीही स्मारकं याच झाडीत आहेत. आयुष्यभर एकमेकांशी लढलेले ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केनशिन वाटेच्या दोन बाजूंना, जवळपास समोरासमोर. दाइशीच्या जवळ जागा हवी, या एका इच्छेपुढे बाकीचे हिशेब मागे पडले असावेत.

कारण इथल्या श्रद्धेनुसार दाइशी गेलेलाच नाही. 835 साली तो ध्यानाला बसला आणि अजून बसलेला आहे. आळंदीजवळ ज्याचं लहानपण गेलं त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ताई पुलाशी येताच चप्पल काढायला वाकली. मी थांबवलं, इथे टोपी काढतात, पायताण नाही. गोब्योबाशी पुलापलीकडे फोटो बंद, खाणंपिणं बंद.

आणि जो बसलेला आहे त्याला जेवायला लागणारच. रोज दोनदा, सकाळी सहा आणि साडेदहाला, त्याच्यासाठी ताट जातं. आमची सगळी धावपळ त्या साडेदहासाठी होती. अलीकडच्या स्वयंपाकघरातून पिवळसर वस्त्रांतले भिक्षू निघाले, दोघांच्या खांद्यावरच्या दांड्याला पांढऱ्या लाकडाची पेटी. ती आधी एका छोट्या जिझोपुढे थांबली. याचं काम चव बघण्याचं: दाइशीला पाठवायच्या आधी जेवण ठीक झालं आहे ना, हे तो पारखतो. क्षणभर थांबून मंडळी पूल ओलांडून कंदिलांच्या मंडपात गेली. वाजतगाजत काही नाही. पेटीत काय होतं ते कळायला मार्ग नाही, पण सगळं शाकाहारी, हे नक्की. ताई हळूच म्हणाली, "बघ, माझ्यासारखा एक निघाला."

मंडपात हजारो पितळी कंदील, छतापासून खालीपर्यंत. त्यांतला एक गरीब मुलीचा म्हणून दाखवतात. आईवडिलांच्या नावाने दिवा लावायला पैसे नव्हते, तिने केस विकले. मंडपामागे समाधीचं कुंपण, उदबत्त्यांचा धूर, आणि सूत्रं म्हणणारे पांढऱ्या पोशाखातले यात्रेकरू. त्यांच्या सुरात एका ओळीत ‘वैरोचन’ ऐकू आलं आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

परतताना नवीन स्मशानातून आलो. इथे कंपन्यांची स्मारकं आहेत, आपल्या दिवंगत कामगारांसाठी. एक अख्खं रॉकेट, एक कॉफीचा कप आणि एका दगडावर वाळवी मारणाऱ्यांच्या संघटनेने वाळवीसाठी लिहिलेलं "शांतपणे झोपा". चेष्टा नाही, मनापासून.

जेवण एका छोट्या हॉटेलात, शोजिन र्योरी, म्हणजे मठातलं शाकाहारी जेवण. कांदा-लसूण नाही, मासा नाही, आणि मुख्य म्हणजे दाशीसुद्धा कोंबू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. ताईने पहिल्यांदा काहीही न विचारता वाटी तोंडाला लावली. गोमा-दोफू नावाला तोफू, त्यात सोयाबीन नाहीच. तीळ वाटून गाळायचे आणि कुझू नावाच्या वेलीच्या मुळाच्या पिठीत घोटत बसायचे, हात न थांबवता. वर वासाबीचा ठिपका. चमच्याला चिकटतं, जिभेवर विरघळतं, आणि मग मागाहून तीळ येतात. दुसरं कोयादोफू: तोफू गोठवून वाळवलेलं, मग रश्श्यात फुगवलेलं. दाबलं की रस सुटतो. साडेतीन हजार येनच्या आसपास गेले आणि एकीनेही कुरकुर केली नाही.

दुपारचं बाकी पटकन सांगते. कोंगोबुजी या मुख्य देवळाची वाळूची बाग जपानात सर्वांत मोठी, 2,340 चौरस मीटर. मोठेपणा कळतो, पण क्योतोच्या एखाद्या लहान बागेत जे होतं ते इथे मला झालं नाही. छपरावरची लाकडी पिंपं जास्त आवडली: पावसाचं पाणी साठवून आगीच्या वेळी ओतायला. गारान या देवळांच्या आवारातला लाल स्तूप 1937 साली नव्याने बांधलेला, साडेअठ्ठेचाळीस मीटर उंच, आत सोनेरी मूर्ती. तिथेच एक पाइनचं झाड आहे ज्याच्या सुया दोनऐवजी तीन-तीन असतात. खाली वाकून शोधणाऱ्यांची गर्दी. सापडली तर पाकिटात ठेवायची.

परतीच्या बसमधून मुद्दाम न्योनिन्दोला उतरलो. गावाच्या वेशीवर साधं, अंधारं लाकडी घर. 1872 पर्यंत बाईने इथून पुढे पाऊल टाकायचं नाही. डोंगराच्या सात वाटांवर अशी सात घरं होती, आता हे एकच उरलंय. बायका इथवर चढून यायच्या, रात्र काढायच्या आणि मग डोंगराच्या कडेकडेने चालत दुरूनच देवळांची टोकं बघायच्या. आत एक बाई फरशी पुसत होती. ताई बराच वेळ दारात उभी राहिली. "सहा तास चढून यायचं आणि वेशीवर थांबायचं," एवढंच म्हणाली. मग पुढची बस आली. सकाळी मला जी जागा नुसती सुंदर वाटली होती ती या दारातून जरा वेगळी दिसली, हे खरं.

परतीला खास गाडी घेतली, कारण पाय संपले होते. पाच वाजता गावातली दुकानं आवरायला लागतात, साडेपाचला अंधार. खिडकीत आपलाच चेहरा. झोप झाली आणि शिन-इमामियाला उतरलो. नांबाच्या अलीकडचं हे स्टेशन शिनसेकाईच्या तोंडावर आहे. गाडीतून बाहेर पडल्यावर पहिल्यांदा नाकाला तेल लागतं.

शिनसेकाईत त्सुतेनकाकू मनोरा, आताचा 1956 चा, दिव्यांनी मढवलेला. खाली गल्ल्यांत कुशिकात्सु: काडीला टोचून, मैद्यात-अंड्यात-ब्रेडच्या चुऱ्यात घोळवून तळायचं. कोळंबी, गोमांस, कांदा, कमळकाकडी, लावीचं अंडं, आणि ओसाकाची खासियत म्हणजे लाल आल्याचं लोणचं. ते तळून खायचं कोणाला सुचलं कोण जाणे, पण बिअरबरोबर दुसरं काही नको. सॉसचा डबा पूर्वी सगळ्यांत एकच असायचा आणि नियमही एकच: एकदा बुडवायचं, चावल्यावर पुन्हा नाही. सॉस कमी पडला तर फुकट मिळणाऱ्या कोबीच्या पानाने उचलायचा. कोरोनानंतर बऱ्याच ठिकाणी सॉसची बाटली आली आहे. स्वच्छ आहे, पण निम्मी मजा गेली. शाकाहारी मंडळींसाठी सांगून ठेवते: कमळकाकडी शाकाहारी असली तरी ज्यात तळतात ते बऱ्याचदा गोमांसाची चरबी असते. विचारावं. ताईने विचारलं. तिने बिअर आणि कोबी घेतला.

तिचा हिशेब होझेन्जी योकोचोत चुकता झाला. दोतोनबोरी या कालव्याकाठच्या गजबजलेल्या भागाच्या गोंगाटापासून दोन मिनिटांवर ही दगडी फरशीची गल्ली, दोन माणसं कशीबशी शेजारून जातील एवढी. आत फुदोची मूर्ती, आपल्या बौद्ध तंत्रातला अचल. एरवी हा देव ज्वाळांत उभा असतो. इथे येणारा प्रत्येक जण त्याच्यावर ओंजळभर पाणी टाकतो, त्यामुळे मूर्ती पायापासून डोक्यापर्यंत हिरव्या मॉसने झाकलेली, नाकडोळे ओळखू येत नाहीत. 1945 च्या बॉम्बहल्ल्यात देऊळ गेलं, मूर्ती राहिली. रात्री दहाच्या सुमारास बारमध्ये काम करणाऱ्या मुली, टाय सैल केलेले साहेब, एक कुत्रं घेऊन आलेले आजोबा, सगळे ओगराळ्याने पाणी घालत होते. शेजारीच 1883 पासूनचं झेनझाई विकणारं दुकान: लाल चवळीसारख्या अझुकीचं गोड, त्यात मोची, आणि एकाच माणसाला दोन वाट्या. सोबत चिमूटभर खारवलेला कोंबू. ताईने दोन्ही वाट्या संपवल्या आणि माझ्यातली एक ओढली. "गोड झालं की खारं खायचं, ही पद्धत बरी आहे," असा निकाल दिला.

मग दोतोनबोरी. कालव्यावरचा धावणारा ग्लिको माणूस, म्हणजे एका खाऊच्या कंपनीची पाटी, 1935 पासून आहे, आताचा एलइडीचा. पुलावर जो तो त्याच्यासारखे हात वर करून उभा. गर्दीतून वाट काढत ताकोयाकीच्या गाडीपाशी आलो. तिथला पोरगा बघण्यासारखा होता. खळग्यांच्या लोखंडी पत्र्यावर पातळ पीठ ओततो ते खळगे बुडवून सरळ वरपर्यंत, सपाट तळं होईल इतकं. त्यात ऑक्टोपसचे तुकडे, कांदापात, लाल आलं. कडा पांढऱ्या झाल्या की टोच्याने खळग्यांच्या मधून आडव्या-उभ्या रेघा मारतो, बाहेरचं पीठ प्रत्येक खळग्यात आत कोंबतो आणि पाव वळसा देतो. मग हात थांबतो. ही थांबण्याची वेळच महत्त्वाची, लगेच फिरवलं तर फाटतं. पुन्हा पाव वळसा. चौथ्या फेरीला गोळे गोल झालेले असतात आणि तो बोलत असतो भलत्याच माणसाशी. मी आठ घेतले. पहिला गोळा थेट तोंडात टाकणारे परदेशी आजूबाजूला तोंड उघडं ठेवून नाचत होते. आतलं पीठ मुद्दाम अर्धवट ठेवलेलं असतं, उकळत्या लापशीइतकं गरम. काडीने फोडून वाफ जाऊ द्यावी.

बारानंतर शेवटच्या गाड्या सुटल्या आणि रस्ता जरा आपला झाला. किनर्यू रामेन रात्रभर उघडं असतं. दुकानावर हिरवा ड्रॅगन. त्याची शेपटी शेजाऱ्याच्या जागेवर जाते म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि 2024 मध्ये ती कापली गेली. आता तो बुटक्या शेपटीनेच उभा आहे. यंत्रात पैसे टाकून चिठ्ठी घ्यायची, पर्याय दोनच, मांस कमी किंवा मांस जास्त. रस्त्याला उघड्या ओट्यावर तातामी, म्हणजे गवती चटया, तिथे बूट काढून मांडी घालून बसायचं. किमची आणि वाटलेला लसूण हवा तेवढा. डुकराच्या हाडांचा रस्सा, वर चरबीचे चकचकीत डोळे. दुपारी ज्या लसणाला डोंगरावर जागा नव्हती तो इथे चमच्याने घातला. शेजारी एक टॅक्सीवाले काका पाच मिनिटांत वाटी रिकामी करून निघून गेले. ताई समोर कोनबिनीतलं अंड्याचं सँडविच खात होती, कडा काढलेल्या पावाचं, आत मऊसूत अंडं आणि मेयोनीज. ते तिने एवढ्या समाधानाने खाल्लं की मी अर्धं मागितलं. दिलं नाही.

शनिवार

उठलो दहाला. किस्सातेनमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात, कॉफी मागितली की बोटभर जाड टोस्ट आणि उकडलेलं अंडं बरोबरच येतं, जवळपास कॉफीच्याच पैशात. ताईचा प्रश्न सकाळपुरता तरी सुटला. कुरोमोन बाजारात चक्कर मारली. एका काडीवरच्या खेकड्याचे भाव बघून नुसती चक्करच मारली. हा बाजार आता आपल्यासारख्यांसाठी आहे, ओसाकावाल्यांसाठी नाही.

क्योतोची गाडी दुपारची होती. त्याआधी ताईला कोयादोफू घरी न्यायचं होतं, कारण गोमा-दोफू ताजं, ते प्रवासात टिकत नाही. वाळवलेलं कोयादोफू महिनोन्महिने राहतं, हलकंही असतं. स्टेशनजवळच्या साध्या सुपरमार्केटात ते डाळींच्या शेजारी सापडलं. फोनचा कॅमेरा धरून पाकीट वाचलं तर माल नागानोचा. आज जपानातलं बहुतेक कोयादोफू तिथेच बनतं, कोयासानचं फक्त नाव.

"चालेल," ताई म्हणाली आणि सहा पाकिटं टोपलीत टाकली. "कोमट पाण्यात भिजवायचं, पिळायचं, आणि मी त्यात गोडा मसाला घालणार आहे. जपान्यांना सांगू नकोस."